आधी गल्ला, मग पोटोबा

चातुर्मासात कांदा खायचा नाही, हा आमच्या हिचा जुना नेम. आषाढातल्या कांदेनवमीला घरात भजी, थालीपीठ, पीठ पेरलेली पात असा कांद्याचा साग्रसंगीत निरोपसमारंभ होतो आणि त्यानंतर चार महिने माझ्या पोह्यांकडे बघवत नाही. नेम तिचा; पण पोहे एकाच कढईत होत असल्यामुळे पुण्याचा निम्मा वाटा मलाही न मागता मिळतो.

तर श्रावणातल्या एका रविवारी आमच्या अकरा वर्षांच्या नातीने आम्हा दोघांना मॉलमध्ये बर्गर खायला नेलं.

“अगं, त्यात कांदा असतो,” ही म्हणाली.

“आजी, तिथे कांदा नको असं सांगता येतं.”

“आणि त्या टिक्कीत असला तर?”

नात क्षणभर गप्प झाली. शेवटी हिनेच तोडगा काढला. “आतलं देव बघून घेईल. वरचा दिसायला नको.”

आपला धर्म इतकी शतकं कशाच्या बळावर टिकला, ते मला मॉलच्या सरकत्या जिन्यावर कळलं.

दुकानात शिरल्यावर माणूस कुठे दिसेना. समोर माझ्याहून उंच असा एक पडदा. देवळात उभं राहावं तसे आम्ही तिघं त्याच्यापुढे उभे राहिलो. नातीने बोट लावलं आणि देव प्रसन्न झाला. बर्गरचं चित्र आलं. मग पडद्याने आग्रह सुरू केला. मोठा घेता का? सोबत बटाटा हवा का? आणि गोडाचं काय? पंगतीत जिलबीचं ताट घेऊन येणाऱ्या यजमानापुढे निदान हात आडवा धरता येतो. इथे हात आडवा धरला की तो नेमका एखाद्या बटणावर पडतो आणि बिलात एक आइस्क्रीम वाढतं. नातीने ते काढून टाकलं आणि आम्ही मुख्य मुद्द्याला आलो. कांद्याच्या चित्राशेजारी वजाबाकीची खूण होती. तिने ती दाबली. कांदा अदृश्य झाला.

“बघा, किती सोपं,” ही माझ्याकडे वळून म्हणाली. “ओला टॉवेल गादीवर टाकू नका, हे तुम्हाला छत्तीस वर्षं सांगतेय. तुम्हाला असं बटण नाही.”

पैसे फोनवरून गेले. पडद्याने आमचे आभार मानले, आम्हाला २७४ हा नंबर दिला आणि तो पुढच्या भक्ताकडे वळला.

आम्ही दुसऱ्या एका पडद्याखाली जाऊन उभे राहिलो. त्याच्यावर तयार झालेले नंबर उमटत होते. २७१. २७२. २७३. २७५. २७६. दहावीचा निकाल वर्तमानपत्रात नंबरांच्या रांगांनी छापून यायचा तो काळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्या क्षणाची कळ समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या मागचा आहे, पुढचा आहे, मधला आपला तेवढा नाही. माझ्या बाबतीत त्याला गणित कारणीभूत होतं. इथे गणिताचा काही संबंध नसावा, असं म्हणेपर्यंत २७४ उमटला, तोही २८१ च्या खाली.

ट्रे घेऊन आम्ही बसलो. नातीने कोल्ड कॉफी सांगितली होती, ती संत्र्याच्या रंगाची निघाली. स्ट्रॉ नव्हती. टोमॅटो सॉसच्या पुड्या मात्र अकरा होत्या. हिच्या बर्गरच्या डबीवर इंग्रजीत ठळक अक्षरांत ‘नो अनियन’ असं छापलेली चिठ्ठी व्यवस्थित, कोपरे दाबून चिकटवलेली होती. डबी उघडली. पाव वर केला. आत कांद्याच्या तीन गोल चकत्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकल्यासारख्या बसल्या होत्या.

मी डबी घेऊन काउंटरवर गेलो. तिथे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा होता. डोक्यावर टोपी, कानात यंत्र, समोर चार पडदे. त्याने बिल पाहिलं, चिठ्ठी पाहिली, कांदा पाहिला, आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, स्टिकर तर बरोबर आहे.”

या वाक्याने मला आत कुठेतरी टोचलं. का टोचलं, ते पुढे सांगतो. त्याने डबी बदलून दिली. मी विजयी मुद्रेने टेबलाशी आलो. हिने पाव वर केला. या खेपेला कांदा नव्हता. टिक्कीही नव्हती. देवाने बघून घ्यावं असं आत काही उरलंच नव्हतं.

*

या वयात अशा प्रसंगी “पूर्वी असं नव्हतं” हे वाक्य तोंडात तयारच असतं, दाबून धरावं लागतं. मी दाबून धरलं, कारण पूर्वीचं सगळं मला आठवतं. पूर्वी पाण्याचे चार पेले एका हातात आणायची पद्धत होती आणि चार बोटं त्या चार पेल्यांत बुडालेली असत. टेबल पुसायचं फडकं टेबलापेक्षा मळकट असे. ‘पाव संपले’ ही बातमी आपली उसळ थंड होईपर्यंत गुप्त ठेवली जाई. आणि पुण्यातल्या काही जुन्या दुकानांतून गिऱ्हाइकाला जी वागणूक मिळे, तिला आज इंग्रजीत ‘सर्व्हिस’ म्हणायचं तर त्या शब्दाला वाईट वाटेल. तेव्हा जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट खरी. सांगितलेलं यायचं. उशिरा येई, बोट बुडवून येई, आदळून येई. पण जे सांगितलं तेच आणि ज्याने सांगितलं त्याच्याच पुढ्यात येई.

आमच्या ऑफिसजवळच्या उडुपी हॉटेलात आम्ही आठजण एका टेबलाला बसायचो. वेटर यायचा. हातात कागद नाही, पेन्सिल कानावर असली तरी ती शोभेची. सगळे एकदम बोलत. एक सादा कडक, एक मसाला, एकाचा मसाल्यात मसाला कमी, वडा-सांबार दोन, त्यातलं एक सांबार वेगळं, इडली एक, चटणी जास्त, शिरा एक, तो आधी नको शेवटी आण, आणि कुलकर्णींना नेहमीचं. तो मान डोलावून निघायचा, भटारखान्याच्या खिडकीशी जाऊन तुळूत काहीतरी एका दमात म्हणायचा, आणि दहा मिनिटांनी मनगटापासून कोपरापर्यंत बशा रचून यायचा. कोणाचं काय, हे विचारायचा नाही. पत्ते वाटावेत तशा बशा वाटायचा. नेहमीचं कुलकर्णींपुढेच जाई.

ही माणसं दक्षिण कन्नड जिल्ह्यातून कोवळ्या वयात मुंबई-पुण्याला आलेली. मुंबईत तर त्यांच्यासाठी कन्नड रात्रशाळा चालत. दिवसभर टेबलं पुसायची आणि रात्री बाकावर बसून अक्षरं गिरवायची. म्हणजे आमच्या आठजणांची यादी डोक्यात ठेवणाऱ्याला ती लिहून घ्यायला कदाचित सवडीने आलं असेल. लिहिता येत नव्हतं म्हणून लक्षात ठेवत असतील, असंही मला एके काळी वाटे. पण मग इराण्याकडचं काय? तिथला वेटर बिलाचा चिटोराही देत नसे. आपण उठून गल्ल्याकडे चाललो की मागून तो नुसता पुकारा करी, “दो चाय, एक ब्रुन मस्का, चष्मेवाला!” गल्ल्यावरचा इराणी वर न बघता तेवढेच पैसे मागे. आपण चष्मेवाले असू, टोपीवाले असू, टकलू असू. नंबर मात्र नसू.

*

मग हे बिघडलं कुठे? नात म्हणते, “आजोबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी का जाता? रिफंड मिळतो.” पण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि रिफंडात टिक्की नसते. मी मुळाशी गेलो.

मूळ कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या गावी निघालं. तिथे मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोघा भावांचं चांगलं चाललेलं हॉटेल होतं. गाड्यांपर्यंत खाणं नेऊन देणाऱ्या मुली, चिनीमातीच्या बशा, काटे-चमचे, पंचविसेक पदार्थ असा सगळा सरंजाम. १९४८ साली त्यांनी धंदा तेजीत असताना तो तीन महिने बंद ठेवला. वाढणाऱ्या मुलींना रजा दिली. बशा काढल्या, कागद आणला. पदार्थ नऊवर आणले. बर्गरची किंमत पंधरा सेंट केली. पुढे नव्या इमारतीतलं स्वयंपाकघर कसं असावं हे ठरवण्यासाठी टेनिस कोर्टावर खडूने चुली, टेबलं, कपाटं आखली आणि नोकरांना तिथे खोटं खोटं शिजवायला लावलं. मोठ्या माणसांची ती भातुकलीच. कोणाचा पाय कोणात अडकतो हे बघत खडूच्या रेघा पुसल्या, पुन्हा मारल्या. बर्गर तीस सेकंदांत हातात पडावा असा तो सगळा आटापिटा होता.

या वेगाची एक अट होती. गिऱ्हाइकाने काही मागायचं नाही. सगळे बर्गर सारखे: केचप, मोहरीची चटणी, लोणच्याच्या दोन चकत्या आणि कांदा. हो, कांदा! वेगळं हवं असेल तर थांबा. म्हणजे आमच्या हिने त्या रविवारी नातीच्या बोटाने पडद्यावर झगडा मांडला तो त्या काउंटरवरच्या पोराशी नव्हता, १९४८ सालाशी होता.

आपल्याकडे हे दुकान १९९६ च्या ऑक्टोबरात आलं, दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला. येताना त्याने इथलं एक मागणं मात्र मुकाट्याने ऐकलं. गोमांस सोडलं, शाकाहाराची चूल वेगळी केली आणि ती सांभाळणाऱ्यांना हिरवे ॲप्रन दिले. चातुर्मासाचा ॲप्रन तेवढा राहून गेला.

पण माणूस ‘काही मागू नका’ हे किती दिवस ऐकणार? १९७४ साली तिकडच्याच दुसऱ्या एका बर्गरवाल्याने जाहिरात केली, तुम्हाला हवं तसं करून देतो. मग सगळेच हवं तसं करून देऊ लागले. नऊ पदार्थांच्या भातुकलीत आता कितीतरी पदार्थ शिरले. प्रत्येकात अधिक-वजा. त्यात काउंटरवरची रांग वेगळी, पडद्यावरची वेगळी, फोनवरून मागवणाऱ्यांची वेगळी. आणि पाठीवर चौकोनी पेटारा घेऊन दाराशी उभे असलेले डिलिव्हरीवाले सगळ्यांच्या आधी. एकाच वेळी चारी दिशांनी वरात येते, मांडव एकच, आणि घोडा तेवढा १९४८ चा. तो बिचारा सरळ पळायला शिकलेला. त्याला प्रत्येक घरापुढे नाचायला सांगितल्यावर तो कोणाच्या तरी पायावर पाय देणारच.

माणसं चुकतात म्हणून तिकडे यंत्रही लावून पाहिलं. गाडीत बसून सांगितलेली ऑर्डर ऐकून घेणारं यंत्र अमेरिकेतल्या शंभरावर दुकानांत बसवलं होतं. त्याने आइस्क्रीमवर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या घालायची तयारी दाखवली, लोकांनी त्याचे व्हिडिओ केले आणि २०२४ साली तो प्रयोग गुंडाळावा लागला. ती बातमी मी हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, “त्याच्यापेक्षा आपल्या तीन चकत्या बऱ्या.”

*

इथवर कारणं सापडली, पण समाधान होईना. गर्दी उडुप्याकडेही असे. पदार्थ त्याच्याकडेही शंभर. तो का विसरत नसे?

याचं उत्तर मला एका बाईंच्या कामात सापडलं आणि त्या बाईंनी तर बर्गर पाहिलाही नसेल. ब्लूमा झायगार्निक असं त्यांचं नाव. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या बर्लिनला मानसशास्त्र शिकत होत्या. त्यांचे गुरू कुर्ट लेविन. सांगतात ते असं, की ही मंडळी एका कॅफेत बसत. तिथला वेटर भल्यामोठ्या टेबलाची सगळी ऑर्डर न लिहिता डोक्यात ठेवी. एकदा बिल चुकतं झाल्यावर लेविननी त्याला परत बोलावून विचारलं, आमच्यापैकी कोणी काय घेतलं होतं? त्याला काही सांगता येईना. पैसे मिळाले, हिशेब मिटला, पाटी पुसली.

झायगार्निकबाईंनी ते डोक्यात घेतलं. लोकांना बोलावून बारीकसारीक कामं दिली, कोडी, मण्यांच्या माळा, मातीच्या आकृत्या. निम्मी पुरी करू दिली आणि निम्मी मध्येच काढून घेतली. मग विचारलं, काय काय केलंत? अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांच्या जवळपास दुपटीने लोकांच्या लक्षात होती. १९२७ साली त्यांनी ते छापलं. पुढे काही अभ्यासकांनी प्रयोग पुन्हा केले तेव्हा गोष्ट इतकी सरळ नाही असं निघालं. निघू दे. त्या अभ्यासकांनी पाणीपुरी खाल्ली नसणार.

पाणीपुरीवाल्यापुढे सहाजण गोल उभे असतात. एकाला तिखट, एकाला मध्यम, एकीला गोड पाणी जास्त, एका काकूंना रगडा नको. पुऱ्या फोडत, बुडवत तो फिरत राहतो आणि मध्येच सांगतो, “ताई, तुमच्या चार झाल्या. काकू, तुमची शेवटची.” आपण नाकातून पाणी काढत खोटं बोलायचा प्रयत्न केला तरी त्याचा आकडा पक्का. कारण आपलं येणं बाकी असतं. शेवटची सुकी पुरी हातावर ठेवून तो पैसे घेतो, आणि त्या क्षणी आपण त्याच्या लेखी मेलेलो असतो. दोन मिनिटांनी परत जाऊन “माझी सुकी राहिली” म्हणून पाहा. तो आपल्याकडे जन्मात न पाहिल्यासारखा पाहील.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उडुप्याकडे आपण आधी खातो, मग देतो. बडीशेपेची बशी येईपर्यंत आपण त्याच्या डोक्यात उघडं खातं असतो. बर्गरच्या दुकानात आपण आधी देतो, मग खातो. पडद्याने आभार मानले तिथेच दुकानापुरतं आमचं काम संपलं होतं. २७४ नंबरचा हिशेब मिटलेला होता. आम्ही तिथे उभे होतो ते मिटलेल्या हिशेबाचे अवशेष म्हणून. गरज सरो नि वैद्य मरो हे आपण गिऱ्हाइकाबद्दल म्हणत आलो. इथे गिऱ्हाइकाची गरज सरण्याआधी दुकानाची सरते. आधी पोटोबा मग विठोबा म्हणणाऱ्यांच्या मुलखात आधी गल्ला मग पोटोबा अशी उलटी दिंडी निघाली, तर वाटेत कांदा घुसायचाच.

वाण्याची उधारीची वही आठवून पाहा. आजोबांनी कोणत्या सणाला किती गूळ नेला, हे वाण्याला सांगता येई. रोख नेणाऱ्याचं नावही त्याला ठाऊक नसे. मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मध्ये काहीतरी बाकी असेल तरच आठवण तग धरते, असा माझा सिद्धांत मी त्या रात्री जेवताना मोठ्या थाटात मांडला.

ही शांतपणे ऐकत होती. म्हणाली, “बरोबर आहे. म्हणूनच तुम्हाला मी सांगितलेली कोथिंबीर लक्षात राहत नाही. जेवण तुम्हाला आधीच मिळालेलं असतं.”

*

आता ते टोचल्याचं सांगतो.

मी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत होतो. त्यातली बरीचशी आवक-जावक टेबलावर. खिडकीतून अर्ज आत येई, मी त्यावर शिक्का मारी, नंबर घाली, रजिस्टरात ओढी, पोच फाडून हातात देई. पोच दिली की माझं काम झालं. अर्ज पुढे कोणत्या टेबलाला गेला, कोणाच्या गठ्ठ्याखाली निजला, हे विचारणं शिस्तीत बसत नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, मनातही येत नव्हतं. शिक्का बसला की तो कागद माझ्या डोक्यातून पुसला जाई.

एक गृहस्थ यायचे. पांढरी टोपी, काखेत पिशवी. वडील गेले, वारस नोंद व्हायची होती. पहिल्या खेपेला मी विचारलं, “नंबर काय?” त्यांनी पोच दाखवली. मी रजिस्टर उघडून बघितलं आणि म्हणालो, “आलाय की. नोंद बरोबर आहे.” दुसऱ्या खेपेला तेच. पाचव्या-सहाव्या खेपेला ते खिडकीशी आले आणि मी वर न बघता विचारलं, “नंबर काय?” ते म्हणाले, “साहेब, नंबर माझ्या ध्यानात आहे. मी तुमच्या ध्यानात नाही व्हय?”

मी तेव्हा हसलो असेन. शेजारचेही हसले. रजिस्टर पुन्हा दाखवलं. नोंद बरोबर होती.

“सर, स्टिकर तर बरोबर आहे.”

त्या पोराला मी काय बोलणार होतो? त्याच्यापुढे चार पडदे होते, माझ्यापुढे एक रजिस्टर. त्याला प्रत्येक ऑर्डरमागे सेकंद मोजणारं घड्याळ होतं, मला निदान साडेपाचचं होतं. दिवसातून किती २७४ त्याच्या हाताखालून जात असतील! त्याला कोणाचा चेहरा दिसत नाही; पडद्यावर ओळी येतात, तो चिठ्ठ्या चिकटवतो, कोपरेसुद्धा दाबतो. चिठ्ठी चिकटवणं हे त्याचं काम आहे आणि ते त्याने चोख केलं होतं. कांदा काढणं हे पलीकडच्या टेबलाचं काम. सेवेचा दर्जा घसरला असं मी म्हणतो तेव्हा मला जरा जपून म्हणावं लागतं. घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर मीही बराच काळ बसलेलो होतो, पगार घेऊन.

हिने त्या दिवशी काय केलं, ते सांगायचं राहिलं. टिक्की नसलेला पाव तिने मिटला, पहिल्या डबीसारखी तक्रार करायला मला उठू दिलं नाही, माझ्या बर्गरमधली टिक्की काढून आपल्या पावात ठेवली. माझ्या पावात राहिले तेवढे कांदे.

“खा,” म्हणाली. “चातुर्मास माझा आहे. तुमचे पोहे महिनाभर तसेच चाललेत, मला माहीत आहे.”

कोणाला काय हवं आणि काय नको, याची तिची यादी कागदावर नाही. पण ती झायगार्निकबाईंना उघडं खातं म्हणून दाखवायची माझी हिंमत नाही. त्यात माझ्या नावावर केवढी थकबाकी निघेल!

मॉलमधून बाहेर पडायच्या आत फोन वाजला. आजचा अनुभव कसा वाटला? पाच तारे. नातीने विचारलं, “किती देऊ?” मी म्हणालो, पाच दे. ती आश्चर्याने बघत राहिली. मला कोणी त्या खिडकीत तारे दिले असते तर किती मिळाले असते, याचा हिशेब मी मनात करत होतो.

*

परवा संध्याकाळी घराजवळच्या उडुप्याकडे गेलो. टेबलावर आता तिथेही पैसे भरायचा तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलाय, आणि गल्ल्याजवळ ठेवलेला डबा दर दोन मिनिटांनी कोणाचे किती रुपये आले ते ओरडून सांगतो. पण अजून तरी तिथे आधी खातात. वेटर नवा आहे; उडुपीचा नाही, ओडिशाचा. मी त्याच्याकडे जेमतेम चौथ्यांदा जात असेन.

मी बसलो. तो पाणी घेऊन आला, बोट न बुडवता.

“काका, इडली, सांबार वेगळं. कॉफी साखर कमी.”

मी थक्क झालो. मी अजून काही बोललोही नव्हतो. ऊर भरून येणं म्हणतात ते मला बऱ्याच वर्षांनी, इडलीच्या निमित्ताने झालं. मी म्हटलं, “अरे वा! तुझ्या बरं लक्षात राहिलं?”

“लक्षात राहणारच ना काका,” तो टेबल पुसत म्हणाला. “मागच्या वेळी तुमच्या फोनला रेंज नव्हती, सुट्टे नव्हते. दहा रुपये बाकी आहेत.”

बर्लिनच्या त्या बाईंना मी मनोमन नमस्कार केला.

इडली आली. सांबार वेगळं होतं. कॉफीत साखर कमी होती. बडीशेपेच्या बशीत बिल आलं, ते मी चुकतं केलं. फोनला चांगली रेंज होती आणि खिशात दहाची नोट होती. ती मी काढली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा खिशात ठेवली.

“ते दहा रुपये,” मी म्हणालो, “पुढच्या वेळी देतो.”